जबड्याच्या सांध्याला करंट दिल्यावर नेमकं काय होतं?

जांभई देताना कानापुढे 'कट्' असा आवाज येतो, सकाळी उठल्यावर गाल आखडलेले असतात, भाकरीचा घास चावताना कानशिलापर्यंत कळ जाते. हे दुखणं घेऊन बरेच जण आधी कानाच्या डॉक्टरांकडे जातात. तिथे कान तपासला तर त्यात काही सापडत नाही, कारण दुखत असतो तो कानाच्या अगदी पुढे असलेला जबड्याचा सांधा किंवा त्याला हलवणारे स्नायू. अशा वेळी काही दंतवैद्य आणि फिजिओथेरपिस्ट 'टेन्स' सुचवतात. त्वचेवर चिकटपट्ट्या लावून त्यातून चेतांना सौम्य विद्युतस्पंद देण्याचा हा उपचार. बोलताना आपण त्याला सरळ 'करंट घेणं' म्हणतो.

दोन्ही कानांपुढे एकेक बोट ठेवून तोंड हळूहळू उघडा. खालच्या जबड्याचा गोल शेंडा आधी खोबणीत फिरतो आणि मग पुढे घसरतो, हे बोटाला स्पष्ट कळतं. शेंडा आणि खोबण यांच्यामध्ये एक चिवट चकती असते. ती जागेवरून सरकलेली असेल, तर तोंड उघडताना पुन्हा शेंड्यावर येते आणि तेव्हा आवाज होतो. नुसता आवाज येत असेल आणि दुखत नसेल, तर बहुधा उपचारांची गरज नसते. आता दात आवळून गालावर हात ठेवा. हाताला जो टणक फुगवटा लागतो, तो चावण्याचा मुख्य स्नायू. जबड्याच्या तक्रारींमध्ये दुखणं बरेचदा इथलंच असतं. झोपेत दात खाण्याची सवय, मनावरचा ताण, कामाच्या तंद्रीत तासन्‌तास दात आवळून बसणं, यांतलं काही ना काही त्यामागे असू शकतं. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये हा त्रास जास्त दिसतो.

विजेने वेदना शमवण्याची कल्पना फार जुनी आहे. पहिल्या शतकातला रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस डोकेदुखीवर जिवंत विद्युतमासा लावायला सांगत असे. पण असं का होतं याचं पटण्याजोगं स्पष्टीकरण यायला 1965 साल उजाडावं लागलं. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी त्या वर्षी 'द्वार-नियंत्रण' सिद्धान्त मांडला. मार लागला की आपण ती जागा चोळतो आणि थोडं बरं वाटतं. स्पर्शाचे संदेश जाड तंतूंमधून येतात, वेदनेचे बारीक तंतूंमधून. जाड तंतू जागे झाले की मेरुरज्जूतच वेदनेच्या संदेशांची वाट अडवली जाते, असा त्यांचा दावा होता. त्याचे तपशील पुढे बदलले, मूळ गाभा मात्र टिकला.

दोनच वर्षांनी वॉल आणि न्यूरोसर्जन विल्यम स्वीट यांनी जुनाट वेदनेच्या आठ रुग्णांवर प्रयोग केला. सेकंदाला 100 स्पंद या गतीने चेतांना करंट दिला. करंट सुरू असताना, एरवी हातही लावू देत नसत अशा जागा दाबल्या तरी दुखलं नाही. त्यांतल्या चौघांना अवघ्या दोन मिनिटांच्या करंटनंतर अर्ध्या तासाहून जास्त आराम मिळाला. या उपचाराची ताकद आणि मर्यादा, दोन्ही मला याच एका निकालात दिसतात.

चेहऱ्याच्या बाबतीत हे सगळं मेरुरज्जूऐवजी मेंदूच्या देठात घडतं, कारण जबडा, दात आणि गाल यांची संवेदना त्रिशाखी चेता थेट तिथे पोचवते. गालावर, कानापुढे पट्ट्या लावून सेकंदाला 50 ते 100 स्पंद दिले की मुंग्या आल्यासारखं वाटतं आणि दुखणं मागे पडतं. सेकंदाला दोन-चार स्पंद, पण जोरकस, दिले तर स्नायू उडतात. त्या वेळी शरीर स्वतःची अफूसारखी वेदनाशामक द्रव्यं वापरतं, असं प्रयोगांत दिसलं आहे.

तिसरा प्रकार खास दंतवैद्यकातला. अमेरिकेतल्या बर्नार्ड जँकेलसन या दंतवैद्याने रूढ केलेल्या यंत्रात साधारण दीड सेकंदाला एक स्पंद येतो. दोन पट्ट्या कानांपुढे, एक मानेमागे. दर ठोक्याला जबडा किंचित वर उचलला जातो, आणि तास-पाऊण तासात थकलेला स्नायू सैल पडतो. इथवर माझी काहीच तक्रार नाही. पण त्यापुढे असा दावा केला जातो की सैल पडलेल्या जबड्याची ती जागा हीच त्याची 'खरी' जागा, म्हणून दातांची ठेवण तिला जुळवून घ्यावी. मग दात घासणं, कॅप बसवणं, तारा लावणं सुरू होतं. ती जागा अधिक बरोबर असल्याचा भक्कम पुरावा नाही. घासलेला दात परत वाढतही नाही. घाईच्या उपचारांची किंमत या सांध्याने आधीही मोजली आहे: 1980 च्या दशकात अमेरिकेत अनेकांच्या सांध्यात टेफ्लॉनयुक्त कृत्रिम चकत्या बसवल्या गेल्या. चावण्याच्या दाबाने त्यांचा भुगा झाला, काहींचं आजूबाजूचं हाड झिजलं आणि शेवटी त्या बाजारातून मागे घ्याव्या लागल्या.

'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकाने 2023 मध्ये जबड्याच्या जुनाट दुखण्यासाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत जबड्याचे व्यायाम, तज्ज्ञांच्या हातून सांधा मोकळा करून घेणं आणि वेदनेकडे पाहण्याची सवय बदलणारी मानसोपचार पद्धत यांची ठाम शिफारस आहे. टेन्सबाबत मात्र सशर्त का होईना, 'शक्यतो नको' असाच कौल आहे. म्हणून करंट घेऊच नये, असं मी म्हणणार नाही. पण नुसता करंट घेऊन घरी येणं म्हणजे मिळालेला आराम वाया घालवणं. दुखणं कमी असतं तेवढ्या वेळात जबडा हलवायला हवा. 'न' म्हणताना जीभ जिथे टेकते तिथेच ठेवून तोंड सावकाश उघडायचं आणि मिटायचं, आरशात पाहून, जबडा एका बाजूला न जाऊ देता. एरवी ओठ मिटलेले, दात मात्र एकमेकांना न टेकलेले.

हृदयात पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे यंत्र लावू नये. गळ्याच्या पुढच्या बाजूला आणि डोळ्यांवर पट्ट्या कधीच लावायच्या नाहीत. आणि यंत्राआधी निदान हवं. निरोगी मोठ्या माणसाचं तोंड साधारण 40 मिलिमीटर, म्हणजे स्वतःची तीन बोटं उभी मावतील इतकं उघडतं. गुटखा किंवा सुपारी खाणाऱ्याचं तोंड हळूहळू कमी उघडू लागलं असेल, तिखट झोंबत असेल, गालाची आतली बाजू पांढुरकी आणि ताठ झाली असेल, तर दोष बहुधा सांध्याचा नसतो. तोंडातली त्वचाच आखडत चाललेली असते. त्यावर करंट घेत बसू नये. हा आजार पुढे कर्करोगाकडे वळू शकतो, तेव्हा सुपारी त्याच दिवशी थांबवून तोंड दंतवैद्याला दाखवावं.