पावसाचं पाणी अडवलं, तरी मिळकतकरातली सवलत का अडते? पुण्यातल्या सोसायट्यांसाठी अर्जाची माहिती

पुणे महापालिकेच्या हद्दीत रेन वॉटर हार्वेस्टिंग, सौरऊर्जा आणि गांडूळखत या तीनपैकी एक प्रकल्प चालू असेल तर मिळकतकरात ५ टक्के, दोन किंवा जास्त असतील तर १० टक्के सवलत आहे. अर्ज स्वतः एका पानाचा असतो. तरीही सोसायट्यांचे अर्ज परत येतात, आणि ते पाणी मुरवणारा शोषखड्डा खणला नाही म्हणून क्वचितच येतात. कागदावर एक असतं आणि जागेवर दुसरंच दिसतं, म्हणून येतात.

सवलत पूर्ण बिलावर नसते, हे सगळ्यात आधी सभासदांना सांगा. बिलात अग्निशमन, वृक्ष, जललाभ, मलप्रवाह लाभ, शिक्षण कर असे बरेच रकाने असतात. सवलत फक्त ‘सर्वसाधारण कर’ या रकान्यावर मिळते. तो रकाना ४,००० रुपयांचा असेल तर ५ टक्क्यांनी २०० रुपये वाचतात. चाळीस सदनिकांचे मिळून वर्षाला ८,०००. खर्च काही दिवसांत वसूल होईल असं सभेत सांगून ठराव करून घेतला, तर पहिल्या बिलानंतर भांडण ठरलेलं. खरा फायदा उन्हाळ्यातल्या टँकरच्या खर्चात आणि बोअरच्या पातळीत असतो. तो आधी सांगा, सवलत नंतर.

दुसरा घोळ ३१ मेचा. वार्षिक करपात्र रक्कम (जिच्यावर कर मोजतात ती) २५,००० रुपयांपर्यंत असेल तर १० टक्के आणि त्याहून जास्त असेल तर ५ टक्के, अशी एक सूट वेळेत कर भरणाऱ्यांना मिळते. तिची मुदत साधारणपणे ३१ मे असते, काही वर्षी वाढवलीही जाते. ती सूट आणि पाऊसपाण्याची सवलत यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. आकडे तेच ५ आणि १० असल्यामुळे लोक फसतात. कोणी वेळेत कर भरून ‘आम्हाला सवलत मिळाली’ म्हणून निर्धास्त होतं, तर कोणी ३० मेला हार्वेस्टिंगचा अर्ज घेऊन धावतं. कराचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं आणि बिलं त्याच सुमारास निघतात. सवलत बिलात दिसायला हवी असेल तर तपासणी त्याआधी झालेली असली पाहिजे. म्हणजे अर्जाचा योग्य काळ दिवाळीनंतरचा. मागच्या वर्षांची सवलत मागू नका, त्यात वेळ जातो.

पाऊसपाण्याच्या व्यवस्थेची सक्ती कोणाला, हेही अनेकांना ठाऊक नसतं. मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रं सोडली तर राज्यात डिसेंबर २०२० पासून एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली, म्हणजे बांधकामाचे सामाईक नियम, लागू आहे. तिच्यानुसार ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर नवं बांधकाम, पुनर्बांधणी किंवा वाढीव बांधकाम करताना ही व्यवस्था करावीच लागते, आणि ती चालू ठेवणं ही मालकाची किंवा सोसायटीची जबाबदारी असते. व्यवस्था केली नाही किंवा बंद पडू दिली, तर बांधकामाच्या दर १०० चौरस मीटरमागे वर्षाला १,००० रुपयांपर्यंत आकारणी होऊ शकते. ३,००० चौरस मीटर बांधकाम असलेल्या सोसायटीला हा आकडा ३०,०००पर्यंत जातो. सवलतीच्या ८,००० रुपयांशेजारी तो ठेवून बघा. छोट्या बंगल्यांना सक्ती नाही, पण म्हणून त्यांनी सवलत मागू नये असं मुळीच नाही.

आता कागद. अर्ज, सर्व सदनिकांचे मिळकत क्रमांक, चालू वर्षाची बिलं आणि भरल्याच्या पावत्या, सर्वसाधारण सभेचा ठराव, कामाची बिलं, फोटो. एवढं तयार ठेवा. ठराव फक्त कमिटीचा असू नये, कारण गच्ची सगळ्यांची आहे. त्यात देखभाल कोण करणार आणि अर्जावर सही कोणाची, हे स्पष्ट लिहा. बिलावर अजून आधीच्या मालकाचं नाव असलेल्या सदनिका आणि थकबाकी असलेल्या सदनिका आधी शोधून काढा. शंभरातल्या दोन-तीन नावांवरून अख्खी फाइल टेबलावर पडून राहते.

आणि मग तो कागद, जो कोणाकडेच नसतो: मंजूर नकाशा आणि भोगवटा पत्र, म्हणजे इमारत वापरायला मिळालेली परवानगी. जुन्या सोसायट्यांना बिल्डरने ते दिलेलंच नसतं. ज्या यंत्रणेने नकाशा मंजूर केला, तिनेच तो नागरिकाकडे मागावा, हे मला आजवर पटलेलं नाही. दप्तर तिच्याकडे आहे, शिक्का तिचा आहे. पण वाद घालून फाइल हलत नाही. बांधकाम परवानगी विभागाकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, प्रतींचे पैसे वेगळे. अर्जात सर्व्हे नंबर किंवा सिटीएस (नगर भूमापन) नंबर, प्लॉट नंबर, बिल्डरचं नाव आणि अंदाजे वर्ष लिहा. नुसतं सोसायटीचं नाव लिहिलं तर ‘अभिलेख आढळत नाही’ असं उत्तर येतं, कारण मंजुरीच्या वेळी सोसायटी जन्मालाच आली नव्हती. हे काम सगळ्यात आधी सुरू करा, खोदाईच्याही आधी.

नकाशा हाती आला की तो जागेवर नेऊन बघा. नकाशात शोषखड्डा मागच्या कोपऱ्यात दाखवलेला असतो आणि तिथे आता पेव्हर ब्लॉक टाकून दुचाकींचं पार्किंग झालेलं असतं. तपासणीला आलेला अभियंता नकाशाच हातात धरून फिरतो. नवा खड्डा दुसरीकडे केला असेल तर वास्तुविशारदाकडून साधं रेखाचित्र करून घ्या आणि बदल अर्जातच लिहा. नियमावलीत दिलेलं माप लांबी-रुंदी १.२ मीटर आणि खोली २ ते २.५ मीटर असं आहे; आत तळाशी ४० मिलिमीटरची खडी, वर २० मिलिमीटरची, मग जाड वाळू आणि शेवटी बारीक वाळूचा पातळ थर. कंत्राटदार खर्च वाचवायला विटांचे तुकडे भरतात. थर भरतानाच फोटो काढा, नंतर झाकण उघडून कोणाला काही दिसत नाही. आणि पुण्याखाली बेसॉल्ट आहे. अखंड कातळ लागला तर पाणी मुरतच नाही, खड्डा तुंबून राहतो. जागा ठरवण्यापूर्वी भूजलाच्या जाणकाराचा सल्ला घ्या.

तपासणीत सगळ्यात जास्त अर्ज पडतात ते तुटलेल्या पाइपमुळे. रंगकाम करताना गच्चीवरून उतरणारा पाइप काढला जातो आणि परत जोडला जात नाही. फिल्टर पानांनी गच्च भरलेला असतो. कोरड्या दिवसांत अधिकारी गच्चीवर दोन बादल्या पाणी ओतायला सांगतील. ते तुम्ही आधीच ओतून बघा, खाली कुठे येतं ते पाहा.

पाणी जिरवण्याऐवजी घरासाठी साठवणार असाल तर हिशेब साधा आहे. एक चौरस मीटर गच्चीवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. पुण्यात साधारण ७०० मिलिमीटर धरला आणि वीस टक्के वाया गेला मानलं, तर १०० चौरस मीटर गच्चीवरून ५६,००० लिटर मिळतात. माणशी दिवसाला १३५ लिटर धरले तर चौघांच्या घराला शंभर दिवसांचं पाणी झालं. तेवढी मोठी टाकी बांधायची गरज नाही. पावसाळाभर तेच पाणी रोज फ्लश, धुणं आणि बागेला वापरत गेलात तर लहान टाकी पुरते.

इथे मात्र कृपा करून तीन गोष्टी टाळू नका. पहिल्या पावसाचं धुळीचं, पक्ष्यांच्या विष्ठेचं पाणी बाहेर सोडणारा वेगळा व्हॉल्व्ह बसवा. टाकी बंद ठेवा आणि हवेच्या नळीला जाळी लावा. डेंग्यूच्या डासाला स्वच्छ साठलेलंच पाणी लागतं, आणि अळ्या सापडल्या तर सवलतीच्या जागी नोटीस येईल. साठवलेल्या पाण्याची लाइन महापालिकेच्या लाइनला कुठेही जोडू नका. प्लंबर ‘एक व्हॉल्व्ह टाकला की झालं’ म्हणेल, ऐकू नका. हे पाणी पिण्यासाठी नाही. पार्किंगमधलं तेलकट पाणी बोअरमध्ये सोडणं तर गुन्ह्यासारखंच आहे, एकदा बिघडलेलं भूजल आपल्या हयातीत सुधारेल याची खात्री नाही.

अर्ज दिल्यावर दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तपासणी झाली की अहवाल कधी पाठवला, ते लेखी विचारा. एप्रिलचं बिल आलं की सगळ्या सदनिकांची बिलं एकत्र तपासा, कारण काहींना सवलत लागते आणि काहींना नाही. राहिलेल्यांची यादी मिळकत क्रमांकासह, जुन्या आवक क्रमांकाचा उल्लेख करून, कर भरण्याआधी करआकारणी विभागात द्या.