सायनाइड तेच, पण ढीग वेगळा आणि टाकी वेगळी

उघड्या खाणीतून सोनं कसं काढतात असं विचारलं, की उत्तर ठरलेलं असतं: दगड फोडायचा आणि सायनाइडमध्ये टाकायचा. सायनाइडचं खरंच आहे. पण तो दगड ढिगावर जातो की टाकीत, यावर खाणीचा सगळा हिशेब अवलंबून असतो आणि तिचे धोकेही. बातम्यांमध्ये मात्र या दोन्ही पद्धती सर्रास एकाच गाठोड्यात बांधल्या जातात.

रसायनाच्या बाबतीत फरक नाही. 1887 मध्ये ग्लासगोत मॅकआर्थर आणि फॉरेस्ट बंधूंनी पेटंट घेतलेलीच ही क्रिया. सोडियम सायनाइडचं पातळ द्रावण आणि हवेतला ऑक्सिजन मिळाला की सोनं विरघळतं. द्रावणात चुना घालून पीएच दहाच्या वर ठेवतात. तो खाली घसरला, तर हायड्रोजन सायनाइडचा विषारी वायू सुटू लागतो. हे पथ्य ढिगालाही लागू आणि टाकीलाही.

वाट फुटते ती खड्ड्यातच. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यातल्या राउंड माउंटन खाणीत दोन्ही पद्धती वापरात आहेत. अशा खाणीत सुरुंगासाठी भोकं पाडली, की भोकातून वर आलेल्या चुऱ्याचा नमुना प्रयोगशाळेत जातो. त्या निकालांवरून नकाशावर हद्दी आखतात: हा पट्टा गिरणीचा (म्हणजे टाकीच्या वाटेचा), हा ढिगाचा, हा नुसता टाकाऊ. स्फोटानंतर समोर पडलेला दगड सगळा सारखाच दिसतो, डोळ्यांना काही कळत नाही. शॉव्हेल, म्हणजे दगड उचलून भरणारं यंत्र, चालवणारा पडद्यावरची हद्द बघून भरतो आणि शेकडो टनांचा डंपर सांगितलेल्या दिशेला निघतो. इथे चूक झाली तर चांगला माल टाकाऊच्या डोंगरावर जातो, आणि तो परत कोणी शोधत बसत नाही. सोन्याचा भाव चढला की या हद्दी सरकतात. काल टाकाऊ ठरला असता असा दगड आज ढिगावर जातो.

ढीग, म्हणजे हीप लीचिंग, हा गरीब दगडाचा मार्ग. जमिनीवर जाड प्लास्टिकचं अस्तर अंथरतात, त्यावर भरडलेला (काही ठिकाणी न भरडलेलाही) दगड सहा ते दहा मीटरच्या थरांत रचतात आणि माथ्यावर काळ्या नळ्या पसरतात. त्या नळ्या आपल्या द्राक्षबागांत दिसतात त्याच जातीच्या, अगदी ठिबकच. चौरस मीटरला ताशी साधारण दहा लिटर द्रावण थेंबाथेंबाने मुरतं, तळाशी जमतं आणि सोनं घेऊन तलावात येतं. काम आठवडे, महिने चालतं. दगडात चिकणमाती जास्त असली तर वाटा बुजतात, म्हणून आधी सिमेंट मिसळून त्याचे गोळे वळावे लागतात. इतकं करून सोनं हाती लागतं ते बहुधा साठ-सत्तर टक्के. टनामागे अर्धा ग्रॅम सोनं असलेला दगड धरा: दहा ग्रॅमच्या वळ्यासाठी तीस-एक टन दगड ढिगावर चढवावा लागतो. टाकाऊ दगड यात धरलेलाच नाही.

टाकीच्या वाटेला दगड आधी गिरणीत जातो. पोलादी गोळ्यांच्या प्रचंड फिरत्या पिंपात तो पिठासारखा दळतात, साधारण 75 मायक्रॉनपर्यंत. पाणी घालून झालेला पातळ लगदा मोठमोठ्या टाक्यांत घुसळत सायनाइड आणि हवा देतात. एका दिवसाच्या आसपास काम उरकतं आणि दगड सोनं सहज सोडणारा असेल तर नव्वद टक्क्यांवर सोनं निघतं. टाक्यांतच नारळाच्या करवंटीचा सक्रिय कोळसा सोडलेला असतो, विरघळलेलं सोनं त्याला चिकटतं. लगदा एका दिशेने वाहतो आणि कोळसा उलट्या दिशेने सरकवतात, म्हणजे ताजा कोळसा सगळ्यात निःसत्त्व लगद्याला भेटतो. मला या सगळ्या उद्योगातली ही सर्वांत देखणी युक्ती वाटते. पुढे कोळशावरून सोनं सोडवायचं, विजेने पोलादाच्या लोकरीवर बसवायचं, वितळवून चांदीमिश्रित विटा ओतायच्या. हा शेवटचा टप्पा दोन्ही वाटांना बराचसा सारखाच.

मग सगळाच माल टाकीत का घालत नाहीत? दळणाची वीज परवडत नाही म्हणून. आणि सगळाच ढिगावर का नाही? तर काही सोनं थेंबांना दादच देत नाही. नेवाडातल्याच कार्लिन परिसरातल्या बऱ्याच खोल दगडात ते पायराइट या लोखंड-गंधकाच्या खनिजाच्या आत इतकं बारीक दडलेलं असतं, की आधी भट्टीत भाजावं लागतं नाहीतर ऑटोक्लेव्ह नावाच्या बंद पात्रात दाबाखाली ऑक्सिजन देऊन फोडावं लागतं. त्यानंतर कुठे टाकीची पाळी.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो उरलेल्या मालाबद्दल. 2001 मध्ये बंद झालेल्या कोलार गोल्ड फील्ड्समधल्या 'सायनाइडच्या टेकड्या' बघून अनेकांना तो लीचिंगचा ढीग वाटतो. तो नाही. ती खाण भूमिगत होती, आणि त्या टेकड्या म्हणजे दळून, सोनं काढून टाकलेला बारीक गाळ. ढिगाच्या पद्धतीत सोनं ढिगातूनच काढतात, तो नंतर उरलेला कचरा नव्हे. टाकीच्या पद्धतीत ओला गाळ बहुधा बांध घालून साठवतात.

म्हणून अपघातही वेगळे. 30 जानेवारी 2000 ला रोमानियात बाया मारेजवळ गाळाच्या तळ्याचा बांध फुटला, सायनाइडचं पाणी नद्यांतून तिसामार्गे डॅन्यूबपर्यंत गेलं आणि हंगेरीत मेलेल्या माशांचा खच पडला. तो टाकीच्या वाटेचा अपघात. तुर्कस्तानात चोपलेर खाणीत 13 फेब्रुवारी 2024 ला कोसळला तो लीचिंगचा ढीग. नऊ कामगार त्याखाली गेले. त्याच वर्षी जूनमध्ये कॅनडाच्या युकॉनमधल्या ईगल खाणीतही ढीगच घसरला. दोन्ही प्रकारांत लोक सायनाइडवर बोट ठेवतात, पण बांधाला सांभाळायचं असतं साठलेलं पाणी, आणि ढिगाला आपला उतार व आत मुरलेलं द्रावण. खाणीची पाहणी करणाऱ्याने पहिला प्रश्न विचारायचा तो हाच: इथे पाणी कुठे साठतंय?