पार्सलावरचं नाव : परदेशी तैनात सैनिकांना जाणाऱ्या ‘केअर पॅकेज’ची पार्श्वभूमी

घरापासून हजारो मैलांवर तैनात असलेल्या सैनिकाला लष्कर जेवू घालतं, कपडे देतं, औषधपाणी करतं. तरीही घरून काहीतरी गेलंच पाहिजे, असं मागे राहिलेल्यांना प्रत्येक काळात वाटत आलं आहे. या गाठोड्याला आता सर्रास ‘केअर पॅकेज’ म्हणतात. त्यात मोजे असतात, ओले टिश्यू, कॉफी, टिकाऊ खाऊ, पत्त्यांचा कॅट आणि एखादं पत्र. त्याचा इतिहास बहुतेक वेळा आतल्या वस्तूंवरून सांगितला जातो. मला मात्र खोक्यावरची पत्त्याची ओळ जास्त बोलकी वाटते. पार्सल आपल्या माणसाला पाठवायचं की ज्याला गरज असेल त्या कोणत्याही सैनिकाला? हा प्रश्न फार जुना आहे आणि आजच्या बऱ्याच नियमांचं मूळही त्यातच आहे.

इंग्लंडच्या उत्तर भागात विंडोलांडा नावाचं रोमन ठाणं होतं. १९७३ मध्ये तिथल्या ओल्या, हवा न पोचणाऱ्या मातीत लाकडाच्या पातळ पट्ट्या सापडू लागल्या. पोस्टकार्डाएवढ्या या पट्ट्यांवर शाईने लिहिलेली पत्रं, हिशेब आणि याद्या होत्या, साधारण इसवी सन १०० च्या आसपासच्या. तिथली पलटणही स्थानिक नव्हती. आजच्या बेल्जियम-नेदरलँड्सच्या भागातून आलेली माणसं त्या थंड सीमेवर पहारा देत होती. एका पट्टीवर कोणीतरी कळवलं आहे की तुला मोजे पाठवले आहेत, शिवाय चपलांचे दोन जोड आणि आत घालायच्या दोन चड्ड्या. पुढे काही सोबत्यांची नावं घेऊन, तुझ्याबरोबर राहणाऱ्या सगळ्यांना नमस्कार सांग, असं लिहिलं आहे. पट्टी मोडकी आहे. पाठवणाऱ्याचं नाव गेलं, घेणाऱ्याचंही गेलं. मोजे तेवढे शिल्लक राहिले. त्या सोबत्यांना सांगितलेला नमस्कार वाचताना मला दर वेळी भरून येतं, कारण घरून आलेलं पार्सल एकट्याचं कधीच नसतं, हे तेव्हाही घरच्यांना ठाऊक होतं.

मधली शतकं ओलांडून थेट क्रिमियाच्या युद्धात येऊ. वर्तमानपत्रांतून सैनिकांचे हाल घरोघरी वाचले गेले असं हे पहिलं मोठं युद्ध. १४ नोव्हेंबर १८५४ च्या वादळात ‘प्रिन्स’ हे ब्रिटिश जहाज क्रिमियातल्या बालाक्लाव्हा बंदराजवळ बुडालं आणि त्यावरचे हिवाळी कपडे, सुमारे ४०,००० ओव्हरकोट, समुद्रात गेले. सैनिक कुडकुडत राहिले. वस्तू नुसत्या जमवून भागत नाही, त्या शेवटच्या माणसाच्या हातात पडायला हव्यात, हा धडा तिथे फार महाग मिळाला.

नावाचा प्रश्न पहिल्यांदा उघडपणे चव्हाट्यावर आला तो अमेरिकेच्या यादवी युद्धात. ही लढाई परदेशात नव्हती, पण पार्सलांची घडी तिथेच बसली. गावोगावच्या बायकांनी मोजे विणले, गोधड्या शिवल्या, मुरांबे भरले आणि ते आपल्या गावच्या पोरांच्या पलटणीलाच जावेत असा त्यांचा आग्रह होता. जून १८६१ मध्ये स्थापन झालेल्या सॅनिटरी कमिशन या सैनिकांसाठीच्या मदतसंस्थेचं म्हणणं नेमकं उलट होतं. एका पलटणीकडे ढीग आणि शेजारच्या इस्पितळात पांघरूणही नाही, असं होऊ नये म्हणून सगळा माल एकत्र करायचा, निवडायचा, त्यावर कमिशनचा शिक्का मारायचा आणि गरज असेल तिथे पाठवायचा. हिशेब बिनचूक होता, पण बायकांच्या मनाला तो पटेना. आपण पाठवलेलं अधिकारी खातात, बाजारात विकतात, अशा अफवा उठल्या. मग अनेकींनी मोज्यांना आणि गोधड्यांना चिठ्ठ्या टाचल्या, त्यांवर स्वतःचं नाव-गाव लिहिलं आणि ज्याला हे मिळेल त्याने कळवावं अशी विनंती केली. घेणारा अनोळखी असेल तर पाठवणारीचं तरी नाव त्याच्यापर्यंत पोचावं, एवढीच ती धडपड होती.

पहिल्या महायुद्धात हे सगळं अफाट वाढलं. ऑक्टोबर १९१४ मध्ये ब्रिटनच्या सतरा वर्षांच्या राजकन्या मेरीच्या नावाने निधी सुरू झाला. नाताळला आघाडीवरच्या प्रत्येक सैनिकाला आणि खलाशाला भेट द्यायची, ही त्यामागची कल्पना. भेट म्हणजे हाताच्या पंजात मावेल अशी पितळी डबी. झाकणावर राजकन्येचा उठावाचा चेहरा. आत तंबाखू, सिगारेटी, पाइप, शुभेच्छापत्र आणि तिचा फोटो. धूम्रपान न करणाऱ्यांना आंबटगोड गोळ्या आणि लिहिण्याचं साहित्य. काही डब्यांत काडतुसाच्या नळीत बसवलेली पेन्सिल निघे. बंदुकीच्या गोळीच्या जागी पेन्सिलीचं टोक आणि त्या पेन्सिलीने घरी लिहिलेलं पत्र!

भारतीय सैनिकांसाठी या भेटीचा वेगळा विचार झाला होता. शिखांना खडीसाखर आणि मसाल्याची डबी. इतर भारतीयांना त्याबरोबर सिगारेटीही. पखाली वाहणाऱ्या भिश्तींनाही मसाल्याची डबी आणि शुभेच्छापत्र होतं. फ्रान्सच्या चिखलात मसाल्याची एवढीशी डबी उघडल्यावर काय वाटलं असेल, याची कल्पना करण्यासाठी फार कष्ट पडत नाहीत. कोणाला काय चालतं आणि काय चालत नाही याची ही दखल अर्धीमुर्धी होती, पण सरसकट एकच वस्तू सगळ्यांच्या माथी मारण्यापेक्षा ती कितीतरी बरी.

पहिल्या नाताळपर्यंत सुमारे ३,५५,००० डब्या पोचल्या. पितळाची टंचाई इतकी होती की माल अमेरिकेहून मागवावा लागला, आणि त्यातलं ४५ टन पितळ मे १९१५ मध्ये ‘लुसिटेनिया’ जहाजाबरोबर बुडालं. शेवटी मिळून २५ लाखांहून जास्त डब्या वाटल्या गेल्या. डबीतली तंबाखू संपली तरी डबी टिकली. पुढे अनेकांनी तिच्यात पदकं, फोटो, पत्रं ठेवली.

घरगुती पार्सलांचा ओघ तर याहून कैक पटींनी मोठा होता. लंडनच्या रीजंट्स पार्कात लष्करी टपालासाठी सुमारे ५ एकरांवर लाकडी इमारत उभारली होती. तिथे अडीच हजार माणसं राबत आणि त्यांत बहुतेक बायकाच होत्या. ऐन भरात आठवड्याला १ कोटी २० लाख पत्रं आणि सुमारे १० लाख पार्सलं तिथून जात. घरच्या केकची चव काही दिवसांत खंदकापर्यंत पोचायची. आणि कधीकधी केक पोचायचा, पण ज्याचं नाव वर असायचं तोच उरलेला नसायचा. अशा वेळी टिकणार नाही तो खाऊ त्याच्या तुकडीतले सोबती वाटून घेत. आईने पोरासाठी बांधलेला घास त्याच्या दोस्तांच्या तोंडी जायचा. यात मला काही वावगं दिसत नाही. विंडोलांडातला तो नमस्कारच जणू पुढे चालत आला होता.

सदिच्छेचाही गोंधळ होतोच. एकीकडे मफलरांचा ढीग आणि दुसरीकडे हातमोज्यांची वानवा, अशी गत होऊ लागली, तेव्हा ब्रिटिश युद्ध कार्यालयाने १९१५ मध्ये स्वयंसेवी संस्थांच्या समन्वयासाठी खास महासंचालक नेमला. अनोळखी सैनिकासाठी पिशवी भरण्याची जपानी पद्धत त्याहून जुनी, रशिया-जपान युद्धाच्या (१९०४-०५) काळातली. तिला ‘इमोनबुकुरो’ म्हणत. पिशवीत छोट्या वस्तू आणि शाळकरी मुलांनी लिहिलेली पत्रं असत. १९३७ नंतर चीनमधलं युद्ध पेटलं तशी तिची मागणी इतकी वाढली की मोठ्या दुकानांत भरलेली पिशवी तयारच मिळू लागली. हाताने निवडलेली वस्तू आणि विकत घेतलेली तयार पिशवी यांत जो फरक आहे, तो तेव्हाच दिसू लागला होता.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने घरच्यांना चक्क वेसण घातली. जहाजांवर जागा कमी आणि दारूगोळा आधी, म्हणून १९४३ पासून परदेशातल्या सैनिकाला पार्सल पाठवायचं तर त्याने स्वतः मागितल्याचं पत्र टपाल कार्यालयात दाखवावं लागे. सूट फक्त नाताळच्या पार्सलांना. तीही १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या महिन्यात टाकली तरच, आणि वजन ५ पौंडांच्या आत. म्हणजे नाताळची तयारी पावसाळा सरता सरता! मग सैनिकांच्या पत्रांत ‘मला अमुक पाठव’ असं एक वाक्य मुद्दाम येऊ लागलं. ती मागणी आईसाठी परवाना असायची.

याच युद्धात ब्रिटनमधून रेड क्रॉसची सुमारे २ कोटी अन्नाची पार्सलं युद्धकैद्यांसाठी गेली. ती ठरावीक सामानाची होती, त्यांवर कोणा एकाचं नाव नव्हतं, आणि अनेक कैद्यांचा जीव त्यांवरच तगला. नाव नसलेलं पार्सल कमी मायेचं असतं, असं कोणी म्हणालं तर मी या खोक्यांकडे बोट दाखवीन.

‘केअर पॅकेज’ हा शब्द मात्र सैनिकांसाठी जन्मलाच नव्हता, हे फारसं कोणाला माहीत नसतं. २७ नोव्हेंबर १९४५ रोजी अमेरिकेतल्या २२ संस्थांनी मिळून ‘केअर’ स्थापन केली. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या युरोपातल्या नागरिकांना अन्न पाठवणं हा तिचा उद्देश होता. त्यासाठी लष्कराकडचा शिल्लक शिधा विकत घेतला गेला. दहा सैनिकांचं एका दिवसाचं जेवण असलेली ही खोकी होती, म्हणून त्यांना ‘टेन-इन-वन’ म्हणत. ११ मे १९४६ ला पहिली खोकी फ्रान्सच्या ल हाव्र बंदरात उतरली. म्हणजे प्रवास उलटा होता : सैनिकांसाठी बांधलेलं अन्न घरादारांकडे गेलं. सुरुवातीला पाठवणाऱ्याने विशिष्ट व्यक्तीचं नाव-पत्ता देणं आवश्यक होतं आणि पोच म्हणून सही केलेली पावती परत येई. हळूहळू लोक ‘जर्मनीतल्या एखाद्या शिक्षकाला’ अशा पत्त्यांवर पैसे देऊ लागले. नावापासून अनामाकडे जाणारा तोच रस्ता. पुढे हा शब्द बोलीत रुळला आणि वसतिगृहातल्या मुलांपासून सैनिकांपर्यंत सगळ्यांच्या खोक्यांना चिकटला.

व्हिएतनाममध्ये घरून सरबताची पूड मागवली जाई; शुद्धीकरणाच्या गोळ्यांनी पाण्याला येणारी चव लपवायला ती लागे. इराकमधली गोष्ट तर मी कितीही वेळा सांगेन. फवारा मारला की फेसाळ दोऱ्या सोडणारं लहान मुलांचं खेळणं असतं. एका अमेरिकन सैनिकाने न्यू जर्सीतल्या आपल्या आईकडे ते मागितलं. घरात शिरण्याआधी ते समोर फवारायचं. दोऱ्या जमिनीवर पडल्या तर वाट मोकळी. हवेत अधांतरी लटकल्या तर तिथे स्फोटकाला जोडलेली, डोळ्यांना न दिसणारी तार आहे. दोरी इतकी हलकी की तार ओढली जात नाही. आईने हजारो डबे जमवले, पण दाबाखालचे फवारे टपालाने पाठवायला बंदी. ते कितीतरी महिने पडून राहिले आणि अखेर मालवाहू वाहतुकीतून गेले. कोणत्याही सामान्य यादीत हे खेळणं बसलं नसतं. ते सुचलं, कारण एका मुलाने एका आईला नेमकं काय हवं ते सांगितलं.

अनोळखी सैनिकाच्या नावे टपाल टाकण्याची सोय अमेरिकेत होती. १९९०-९१ च्या आखाती युद्धात ‘कोणत्याही सैनिकास’ अशा पत्त्याच्या टपालाचा पूर आला. मग २००१ च्या शरद ऋतूत अँथ्रॅक्स या जीवघेण्या रोगाचे जीवाणू भरलेली पाकिटं निघाली, पाच माणसं दगावली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस संरक्षण खात्याने ही बिननावाची सोय बंद केली. ब्रिटननेही अफगाणिस्तानच्या मोहिमेत लोकांना विनवलं की अनोळखी सैनिकांना पार्सलं धाडू नका, त्यामुळे घरच्यांचं टपाल मागे पडतं. हेतू कितीही चांगला असो, हेलिकॉप्टरमधली जागा तेवढीच असते. दारू आणि अश्लील साहित्यावरची बंदी, काही देशांत डुकराच्या मांसावरचीही, कस्टम्सच्या कागदावर प्रत्येक वस्तूची नोंद, पत्त्यात देशाच्या नावाऐवजी लष्करी टपालाचा क्रमांक, हे सगळं आज या पार्सलाबरोबर येतं.

नियम कडक झाले तरी लोक थांबले नाहीत. २००३ मध्ये इराकमधल्या एका सार्जंटच्या कुटुंबाने वाट काढली. तुकडीतल्या काही सैनिकांनी स्वतःहून आपलं नाव आणि पत्ता द्यायचा. पार्सल त्यांच्याच नावे जायचं, म्हणजे टपालाचा नियम पाळला जायचा. पण नावाखाली आणखी एक ओळ लिहायची : ‘कोणत्याही सैनिकासाठी’. ती ओळ दिसली की घेणाऱ्याने ते खोकं स्वतःकडे ठेवायचं नाही. तुकडीत ज्याला घरून काहीच येत नाही, त्याच्या हातात आधी द्यायचं.