दुर्बिणीचे माउंट व पूरक साहित्य

नळीचे वजन पेलणारी, ती हव्या त्या दिशेला वळवू देणारी आणि वळवल्यावर तिथेच स्थिर धरणारी दुर्बिणीची बैठक म्हणजे माउंट. खरेदीला निघालेल्या नवशिक्याचे लक्ष आरशाच्या व्यासावर आणि खोक्यावर छापलेल्या वर्धनावर असते. दुर्बीण माळ्यावर जाते ती मात्र बहुधा डुगडुगत्या माउंटमुळे. १०० पट वर्धनाला थरथरही १०० पट मोठी दिसते. शिवाय पृथ्वी तासाला १५° फिरते. ५०° दृश्यक्षेत्राच्या साध्या नेत्रिकेतून (डोळा लावायच्या भिंगातून) १०० पटीला आकाशाचा जेमतेम अर्ध्या अंशाचा तुकडा दिसतो, आणि खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा तो दोन मिनिटांत ओलांडून जातो. म्हणजे दर मिनिटाला नळीला हात लावणे आलेच.

कस पाहण्याची रीत सोपी आहे. लांबची वस्तू नेत्रिकेत धरून नळीला बोटाने टिचकी मारावी. थरथर दीड-दोन सेकंदांत विरली तर माउंट चांगले. तीनच्या पुढे गेली तर फोकस लावतानाच जीव मेटाकुटीला येतो. दुकानात तारा नसला तरी दूरच्या विजेच्या खांबावरचा इन्सुलेटर चालतो. तिपाईचे पाय पूर्ण बाहेर काढले की थरथर वाढते, म्हणून ते आखूड ठेवून बसून पाहावे.

प्रकार : दिगंश-उन्नतांश माउंट आडवे आणि उभे असे दोनच दिशांना फिरते. त्याचाच जमिनीलगतचा, लाकडी पेटीसारखा अवतार म्हणजे डॉब्सोनियन. सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटपाथांवर लोकांना आकाश दाखवणाऱ्या जॉन डॉब्सन यांनी १९६० च्या दशकात तो रूढ केला. टेफ्लॉनच्या चकत्यांवर फिरणारी ही पेटी हाताने ढकलायची असते. फिरवायला तिला गिअर, वीज काही लागत नाही. १५० मिमी आरसा आणि १,२०० मिमी नाभीय अंतर हा नवशिक्यासाठी सर्वांत निर्धोक जोड. २०० मिमीत दिसते जास्त, पण एकूण वजन पंचवीस किलोच्या आसपास जाते. स्कूटरवरून न्यायची असेल तर मेजावर ठेवायची १३० मिमीची छोटी डॉब्सोनियन घ्यावी. मात्र तिला प्लॅस्टिकच्या टेबलावर ठेवणे म्हणजे पैसे पाण्यात. चिऱ्यांचा भक्कम कठडा हवा.

विषुववृत्तीय माउंटचा एक अक्ष ध्रुवाकडे रोखलेला असतो, त्यामुळे एकाच अक्षाभोवती फिरवून तारा धरून ठेवता येतो. चित्रांत हे माउंट रुबाबदार दिसते. गोव्यात त्याची अडचण अक्षांशातच आहे. पणजी सुमारे १५° ३०′ उत्तरेला असल्याने ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १५-१६° वर असतो आणि माडांच्या शेंड्यांमागे किंवा डोंगराआड सहज दडतो. काही लहान माउंटांचा अक्षांश-स्क्रू २०° च्या खाली उतरतच नाही. विकत घेण्यापूर्वी माउंटवरची अक्षांशाची पट्टी स्वतः वाचावी. उतरला, तरी ध्रुव-अक्ष जवळजवळ आडवा होतो आणि नळीचे वजन तोलणाऱ्या प्रतिभाराचा दांडा सरळ खाली लोंबून तिपाईच्या उत्तरेकडच्या पायावर आपटतो. दोन पायांमधली फट उत्तरेला वळवली की दांडा मोकळा होतो, पण सगळा भार त्याच बाजूला झुकलेला असल्याने तिपाई कलंडायची भीती वाढते. खरा उपाय माउंट व तिपाईमध्ये १५-२० सेंमीचा जोडखांब बसवण्याचा, आणि त्याचा खर्च वेगळा. नुसते डोळ्यांनी पाहायचे असेल तर अचूक ध्रुवजुळणी लागत नाही: पट्टीवर १५.५° लावून होकायंत्राने उत्तर धरली की पुरते. गोव्यात चुंबकीय आणि खऱ्या उत्तरेत फारसा फरक नाही. होकायंत्र तेवढे तिपाईच्या लोखंडापासून दूर धरावे. लांब एक्स्पोजरची छायाचित्रे हाच उद्देश असेल तरच या माउंटच्या वाटेला जावे.

डॉब्सोनियनलाही इथे एक खोड आहे. थेट डोक्यावरच्या वस्तूसाठी नळी उभी राहते आणि पेटी आडवी कितीही फिरवली तरी वस्तू हाती लागत नाही. रोहिणी गोव्यात मध्यान्हवृत्तावर जवळजवळ खमध्यातून (थेट डोक्यावरच्या बिंदूतून) जाते, कृत्तिका तिथून ८-९° अंतरावरून. ग्रहांचा मार्गही असाच उंचावरून असल्याने ही कटकट उत्तरेकडच्या देशांपेक्षा इथे जास्त जाणवते. वस्तू माथ्यावर येण्याच्या तासभर आधी किंवा नंतर पाहावी. याच अक्षांशाचा फायदा दक्षिणेला मिळतो: अगस्त्य २२° वर येतो, ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ २७° पर्यंत, त्रिशंकूही दिसतो. यासाठी दक्षिण क्षितिज मोकळे असलेली जागा हवी. चिऱ्याचा सडा (जांभ्या दगडाचे पठार) पायाला सर्वांत घट्ट. किनाऱ्यावर तिपाईचे पाय वाळूत रुततात, म्हणून खाली प्लायवुडचे चौकोन ठेवावेत. गच्चीच्या स्लॅबवर शेजारी कोणी चालले तरी तारा नाचतो.

संगणकीय गोटू माउंट वस्तू स्वतः शोधते, पण सुरुवातीला दिलेली माहिती चुकली की शेवटपर्यंत चुकत राहते. नेहमीची चूक अशी की मोबाइलमधले १५.५० हे १५° ५०′ म्हणून भरले जाते. बरोबर आकडा १५° ३०′. तारखेत बहुतेक वेळा महिना आधी मागतात, वेळक्षेत्र +५:३० आणि उन्हाळी वेळ बंद. पेन्सिल सेल लवकर मान टाकतात. १२ व्होल्टची बॅटरी ठेवावी.

पूरक साहित्य : आधी शोधक, म्हणजे नळीवर बसवलेले नेम धरायचे छोटे साधन, बघावा. गोव्यातल्या अंधाऱ्या सत्तरी-काणकोण तालुक्यांत लाल ठिपक्याचा शोधक पुरतो. पणजी-मडगावच्या उजेडात नुसत्या डोळ्यांना ताऱ्यांची खूणच सापडत नाही, तिथे ८×५० (८ पट, ५० मिमी भिंग) सारखा भिंगांचा शोधक लागतो. ठिपका विझवायला विसरले की त्याचा सेल रातोरात संपतो.

नेत्रिका दोन-तीनच पुरेत. नळीच्या नाभीय अंतराला नेत्रिकेच्या नाभीय अंतराने भागले की वर्धन मिळते. १,२०० मिमीच्या नळीला सोबत मिळणारी २५ मिमी ४८ पट देते आणि १० मिमी १२० पट. त्यात ३२ मिमीची प्लॉसल जातीची नेत्रिका घेतली की ३७ पटीला विस्तीर्ण क्षेत्र मिळते. ग्रहांसाठी ८ मिमी, म्हणजे १५० पट. २× बार्लो (नेत्रिकेचे वर्धन दुप्पट करणारे) भिंग घेताना हिशेब करावा: २५ ची १२.५ होते, ती १० मिमीच्या जवळच जाऊन बसते. उपयोगी वर्धनाची मर्यादा आरशाच्या मिलिमीटरमधील व्यासाच्या दुपटीएवढी. ७६ मिमीच्या खोक्यावरचे "५२५ पट" हे ७०० मिमी नळी, ४ मिमी नेत्रिका आणि ३× बार्लो यांचे गणित आहे. दिसतो तो अंधुक डाग.

परावर्तक दुर्बिणीला आरसे जुळवायला साधी छिद्राची टोपी किंवा चेशायर (आरसे जुळवायची नळी) घ्यावी. स्वस्त लेसर मुळातच तिरका असतो: फोकसरमध्ये (नेत्रिका बसते त्या नळीत) गोल फिरवल्यावर ठिपका वर्तुळात फिरला तर परत करावा. उंची बदलता येणारे स्टूल हे सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत उपयोगी साहित्य. लाल कागद लावलेली विजेरी हवी. रंगीत गाळण्यांचा संच आणि चंद्रगाळणी सध्या राहू द्यावी. 'प्रकाशप्रदूषण' गाळण्या पांढऱ्या एलईडी दिव्यांपुढे फारशा चालत नाहीत.

सूर्यगाळणी नळीच्या तोंडावर पूर्ण बसणारीच घ्यावी. नेत्रिकेत फिरवून बसवायची काळी काच उष्णतेने तडकते आणि डोळा जातो. संचात आली असेल तर फोडून टाकावी. सूर्य पाहताना शोधकावर टोपण हवेच.

दमट हवा : एसी खोलीतली नळी बाहेर आणून लगेच उघडली की आरशावर, भिंगांवर पाणी धरते. ती पिशवीतच अर्धा-पाऊण तास राहू द्यावी. भिंगाच्या दुर्बिणीला व्यासाच्या दीडपट लांबीचा, काळ्या फोमचा दवरक्षक लावावा. दव पुसू नये. घरी आल्यावर पूर्ण सुकेपर्यंत टोपण लावू नये, नाहीतर बुरशी आतच वाढते. डॉब्सोनियनची पेटी भुशाच्या बोर्डाची असते. पावसाळ्यात कापलेल्या कडा फुगतात आणि स्क्रू सैल होतात, म्हणून आधीच कडांना व्हार्निशचे दोन हात द्यावेत. किनाऱ्यावरून आल्यावर तिपाई गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून सुकवावी. जून ते सप्टेंबर नेत्रिका हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवाव्यात आणि जेलचा रंग बदलला की मंद आचेच्या ओव्हनमध्ये सुकवून पुन्हा वापरावे.