मध्य-अवरक्त लेसर आणि वायुमापन: उशिरा आलेल्या प्रकाशाची गोष्ट

प्रकाश किती शोषला गेला यावरून वायू ओळखण्याची युक्ती लेसरच्या शंभर वर्षं आधीची आहे. १८५९ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जॉन टिंडल यांनी पितळी नळीत एकेक वायू भरून त्यातून उष्णतेचे, म्हणजे अवरक्त, किरण सोडले. नळीच्या तोंडांना काच नव्हती, सैंधव मिठाच्या चकत्या होत्या. काच हे किरण स्वतःच अडवते. नळीत नायट्रोजन किंवा ऑक्सिजन असला की गॅल्व्हानोमीटरचा (विद्युतप्रवाह दाखवणाऱ्या यंत्राचा) काटा जवळपास ढिम्म राहायचा. कार्बन डायऑक्साइड किंवा पाण्याची वाफ असली की हलायचा.

कारण रेणूंच्या कंपनांत आहे: रेणू आपल्या कंपनांशी जुळणाऱ्या तरंगलांबीचाच प्रकाश शोषतो. मिथेन ३.३ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास, कार्बन डायऑक्साइड ४.३ ला, नायट्रिक ऑक्साइड ५.३ ला जोरात शोषण करतो; हा सगळा पट्टा मध्य-अवरक्त. दूरसंचाराचे स्वस्त लेसर चालतात त्या १.६५ मायक्रोमीटरजवळही मिथेनच्या शोषणरेषा, म्हणजे तो शोषतो त्या ठरावीक तरंगलांब्या, आहेत, पण त्या शंभरपटीहून फिक्या. थोडक्यात, कुठे पाहायचं ते ठाऊक होतं. अडलं होतं ते तिथे नेमका प्रकाश देणाऱ्या साधनापाशी.

या कामाला पहिला लेसर तर निव्वळ योगायोगाने जुळला. हेलियम-निऑन लेसरची ३.३९ मायक्रोमीटरची रेषा मिथेनच्या एका रेषेवर जवळजवळ बरोबर बसते. हे नशीब बाकीच्या वायूंच्या वाट्याला आलं नाही. मग शिशाच्या क्षारांचे डायोड लेसर आले. विद्युतप्रवाह किंवा तापमान बदललं की त्यांची तरंगलांबी सरकते, त्यामुळे एखादी शोषणरेषा सलग चाचपता येते. १९७० पासून ते वर्णपटमापनात वापरात आले. पण त्यांना अतिथंड ठेवावं लागे आणि तरंगलांबी मध्येच उडी मारे. प्रयोगशाळेत ठीक, कारखान्याच्या धुराड्यापाशी डोकेदुखी.

खरं वळण १९९४ चं. १९७१ मध्ये काझारिनोव्ह आणि सुरिस या सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञांनी कागदावर मांडलेली कल्पना अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये फेडेरिको कपासो, जेरोम फाइस्त आणि सहकाऱ्यांनी प्रत्यक्षात उतरवली: क्वांटम कॅस्केड लेसर. यात इलेक्ट्रॉन काही नॅनोमीटर जाडीच्या थरांतून पायरीपायरीने खाली उतरतो आणि दर टप्प्याला एक फोटॉन (प्रकाशाचा कण) सोडू शकतो. मला यात सर्वांत देखणं वाटतं ते हे, की तरंगलांबी मुख्यतः थरांच्या जाडीवरून ठरते. म्हणजे वायू आधी निवडा, लेसर त्याच्या मापाचा घडवा. सुरुवातीला यालाही कडक थंडी लागे आणि तो अखंड नव्हे, तुटक स्पंदांतच चाले. सामान्य तापमानाला अखंड चालणारा क्वांटम कॅस्केड लेसर २००२ मध्ये आला.

३ ते ४ मायक्रोमीटरच्या पट्ट्यात त्याचा भाऊबंद, इंटरबँड कॅस्केड लेसर, जास्त सोयीचा ठरला. २०१२ मध्ये मंगळावर उतरलेल्या क्युरिऑसिटी रोव्हरवर ३.२७ मायक्रोमीटरचा असा लेसर आहे. त्याचा किरण दोन आरशांमध्ये ८१ फेऱ्या मारतो, म्हणून अब्जांशातला मिथेनही दिसतो. मंगळाभोवती फिरणाऱ्या ट्रेस गॅस ऑर्बिटर यानाला मात्र तिथे मिथेन सापडलेला नाही. वाद चालू आहे, आणि त्यातला एक मुद्दा उपकरणातलाच: लेसरच्या पुढच्या कप्प्यात पृथ्वीवरून गेलेला थोडा मिथेन शिल्लक होता, आणि त्याचं शोषण प्रत्येक मोजणीतून वजा करावं लागतं.