आगिसच्या उशा आणि दोदोनाचा देव

आगिस नावाच्या एका माणसाची पांघरुणं आणि उशा नाहीशा झाल्या. बाहेरच्या कोणी चोरल्या का, हे विचारायला तो गेला थेट झ्यूसकडे, म्हणजे ग्रीकांच्या देवांच्या राजाकडे. त्याचा प्रश्न कोरलेली शिशाची छोटीशी पट्टी दोदोनाच्या मातीत दोन हजारांहून जास्त वर्षं पडून होती. अशा पट्ट्यांवरचे चार हजारांहून अधिक मजकूर 2013 साली एकत्र प्रसिद्ध झाले आणि 2023 मध्ये युनेस्कोने या पट्ट्यांची नोंद 'जगाची स्मृती' या यादीत केली. त्यामागची गोष्ट मात्र 'इलियड' आणि 'ओडिसी' या महाकाव्यांचा कवी होमर याच्याही मागे जाते.

दोदोना हे देवाला प्रश्न विचारून कौल घेण्याचं ठाणं वायव्य ग्रीसमधल्या एपायरस भागात, आजच्या यानिना शहराजवळ, तोमारोस डोंगराच्या पायथ्याशी आहे. इथला देव झ्यूस नाइओस. त्याची जोडीदारीण एरवीच्या कथांमधली हेरा नव्हे, तर दिओनी. देवाचं वास्तव्य एका ओक वृक्षात मानलं जाई. इ.स.पू. चौथ्या शतकापर्यंत इथे बांधीव देऊळ असं नव्हतंच. झाड होतं, तेवढं पुरेसं होतं.

'इलियड'मध्ये ग्रीक योद्धा अकिलीस याच दूरच्या झ्यूसला साकडं घालतो. तिथे देवाचे सेवेकरी सेल्लोई हे पाय न धुणारे आणि जमिनीवर झोपणारे आहेत, असा उल्लेख येतो. देवळात शिरण्याआधी पाय धुणाऱ्या आपल्याला हे विचित्र वाटेल; बहुधा मातीशी अंगाचा संबंध तुटू नये, हाच त्यामागचा हेतू असावा. 'ओडिसी'तला ओडिसियसही उघडपणे घरी परतावं की लपून, हे त्या उंच ओककडून जाणून घ्यायला दोदोनाला गेल्याचं सांगितलं जातं. ग्रीक कथांमधल्या आर्गो जहाजाच्या नाळेत अथीना देवीने याच ओकचं बोलकं लाकूड बसवल्याची कथा तर प्रसिद्धच आहे.

इ.स.पू. पाचव्या शतकात ग्रीक इतिहासकार हिरोडोटस तिथे पोचला, तेव्हा पुजारणींनी त्याला स्थळाची जन्मकथा ऐकवली. इजिप्तमधल्या थीब्जहून दोन काळी कबुतरं उडाली. एक लिबियात गेलं आणि तिथे अमोन या देवाचं प्रश्नस्थान झालं. दुसरं दोदोनाच्या ओकवर बसून माणसाच्या आवाजात बोललं. हिरोडोटसला हे पटलं नाही. त्याच्या मते फिनिशियन लोकांनी थीब्जमधून दोन पुजारणी पळवून विकल्या होत्या. त्यांतल्या दोदोनाला आलेल्या पुजारणीची परकी बोली स्थानिकांना पाखरांच्या किलबिलाटासारखी वाटली. पुढे ती बाई ग्रीक शिकली, तेव्हा 'कबुतर माणसासारखं बोलू लागलं'. काळं का, तर इजिप्तची म्हणून. खुलासा चतुर आहे, पण खरा असेलच असं नाही. प्रोमेनेइया, तिमारेती आणि निकांद्रा ही त्याला कथा ऐकवणाऱ्या पुजारणींची नावं त्याने लिहून ठेवली, हे मात्र फार बरं केलं.

देव उत्तर कसं देई? पानांची सळसळ, कबुतरं, काशाच्या भांड्यांचा नाद, असे वेगवेगळे उल्लेख सापडतात. एकाला हात लावला की सगळी घुमतील अशी काशाची पातेली तिथे होती; त्यावरून ग्रीकांनी बडबड्या माणसाला 'दोदोनाचं कासं' म्हणायला सुरुवात केली. रोमन लेखक सिसेरोने दिलेली एक हकिगत वेगळंच सुचवते. ल्युक्ट्राच्या लढाईआधी (इ.स.पू. 371) स्पार्टाचे दूत दोदोनाला आले होते. चिठ्ठ्यांचं भांडं मांडून ठेवलेलं असताना मोलोसियन या एपायरसमधल्या लोकांच्या राजाच्या पाळीव माकडाने ते उपडं केलं आणि सगळं विस्कटून टाकलं. पुजारीण म्हणाली, आता विजयाचं सोडा, जीव वाचवायचं बघा. स्पार्टा ती लढाई हरलं. कोकण-गोव्यात देवाला कौल लावलेला पाहिलेल्या वाचकाला या भांड्याची कल्पना सहज यावी. तिथे चिठ्ठ्यांऐवजी फुलं-पाकळ्या असतात, एवढंच.

डेल्फी या ग्रीसमधल्या दुसऱ्या प्रश्नस्थानाची कीर्ती राजे, वसाहती आणि युद्धं यांच्यामुळे झाली. दोदोनाला राज्यंही येत: आपसात एकोपा राहावा म्हणून कोणत्या देवाला किंवा वीरपुरुषाला यज्ञ करावा, असं कोर्फू बेटाच्या नागरिकांनी विचारलं होतं. पण पट्ट्यांवर गर्दी आहे ती साध्या माणसांची. क्लेउतास विचारतो, मेंढ्या पाळणं फायद्याचं ठरेल का? हेर्मोनला क्रेताइयापासून कामाला येतील अशी मुलं हवी आहेत, त्यासाठी कोणत्या देवाची आळवणी करावी? लिसानियासचा प्रश्न तर आजही कानकोंडं करणारा आहे: अन्निलाच्या पोटातलं मूल माझंच आहे ना? पुष्कळदा शब्दांचा साचा ठरलेला असतो: अमुक केलं तर 'अधिक बरं आणि हिताचं' होईल का? काय होणार यापेक्षा काय करावं, हीच विचारणाऱ्यांची निकड दिसते.

शिसं मऊ असतं. टोकदार सळईने कोरता येतं, घडी घालता येते, जुना मजकूर पुसून पुन्हा वापरता येतं. त्यामुळे कित्येक पट्ट्यांवर एकावर एक मजकूर आहेत. लिहिलेले आहेत ते बहुतेक प्रश्नच. उत्तरं क्वचित सापडतात, कारण ती तोंडीच मिळत असावीत.

इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला एपायरसच्या पिऱ्हस राजाच्या काळात दोदोनाला वैभव आलं. हजारो प्रेक्षक बसतील असं दगडी नाट्यगृह उभं राहिलं. इ.स.पू. 219 मध्ये ग्रीसमधल्याच एटोलियन लोकांनी देवस्थान जाळलं. ते पुन्हा बांधलं गेलं. इ.स.पू. 167 मध्ये रोमन सेनापती एमिलियस पॉलसने एपायरसमधली सत्तर गावं लुटली आणि दीड लाख माणसं गुलाम म्हणून नेली. प्रश्न विचारणारी वस्तीच उजाड झाली. पट्ट्यांचा ओघही त्याच सुमारास आटतो.

देवस्थान त्यानंतरही धुगधुगत राहिलं. इसवी सनाच्या चौथ्या शतकाअखेर सम्राट थिओडोसियसने जुन्या देवांच्या पूजेवर बंदी घातली आणि पुढे त्याच आवारात चर्च उभं राहिलं. जागेची ओळखही पुसली गेली. 1870 च्या दशकात कॉन्स्टँटिन कारापानोसने इथे खोदकाम केलं, तेव्हा झ्यूस नाइओस आणि दिओनीचं नाव घेणाऱ्या पट्ट्या हाती लागल्या आणि हेच दोदोना, हा वाद मिटला.