पारा सत्तेचाळीसवर, तरी इंजिनातलं तेल घट्टच!

मे महिना लागला की वाडीपासून कामठी रोडपर्यंत नागपूरच्या गॅरेजांमध्ये एकच सल्ला ऐकू येतो. "भाऊ, आपल्याकडच्या उन्हात हे पाण्यासारखं तेल टिकते का? वीस-पन्नास टाका ना!" मग ज्याच्या टर्बो डिझेल गाडीच्या मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० अशी तेलाची ग्रेड (पहिला आकडा थंडीतल्या, दुसरा गरम इंजिनातल्या घट्टपणाचा; आकडा मोठा तेवढं तेल घट्ट) स्वच्छ छापलेली असते, तोही २०डब्ल्यू-५० चा डबा घेऊन मोकळा होतो. सल्ला देणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. कार्ब्युरेटरच्या जमान्यातल्या इंजिनांवर हात बसलेल्या माणसाचं ते अनुभवाचं बोलणं आहे. पण भौतिकशास्त्र त्याच्या बाजूने नाही.

२०२४ च्या मे अखेरीस नागपुरात ५६ अंश तापमान नोंदवलं गेल्याची बातमी देशभर फिरली होती. पुढे हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचा खुलासा केला, तोवर आपण व्हॉट्सअॅपवर वाळवंट होऊन गेलो होतो. समजा, तो आकडा खरा असता, तरी चालत्या इंजिनातल्या तेलाला त्याचं फारसं सोयरसुतक नसतं. थर्मोस्टॅट कूलंटला ९० अंशांच्या आसपास धरून ठेवतो आणि तेल साधारण ९० ते ११० अंशांवर फिरतं, मग बाहेर महाबळेश्वर असो की नागपूरचा महाल भाग. भर दुपारी समृद्धी महामार्गावर पूर्ण लोडने गाडी हाणली तर तेल आणखी तापेल, हे खरं. पण ग्रेड ठरवणाऱ्यांनी तेवढी मोकळीक धरलेली असते.

आता उलट बाजू पाहा. नेहमीच्या ५डब्ल्यू-३० तेलाची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध, १०० अंशांना १२ सेंटीस्टोकच्या (हे तिचं एकक) आसपास असते आणि ४० अंशांना ७० च्या घरात. उन्हात उभ्या असलेल्या गाडीतलं तेल ४७ अंशांवर असेल, तर हिशेबाने ती पन्नासच्या वर भरते. म्हणजे नागपूरच्या सर्वांत तापलेल्या दुपारीही स्टार्टर मारताना तेल हवं त्यापेक्षा चौपट घट्टच असतं! २०डब्ल्यू-५० असेल तर त्याच्याही दुप्पट. आणि डिसेंबरमध्ये पारा दहावर आला की तेलाचा हा घट्टपणा कित्येक पटींनी वाढतो. सुरू होतानाचे पहिले काही सेकंद तेल पोहोचायला लागणारा उशीर, हीच झिजेची खरी वेळ.

सर्वांत आधी तहान लागते ती टर्बोला. एक्झॉस्टच्या वायूने फिरणारी चक्की आणि इंजिनात हवा कोंबणारा पंखा एकाच शाफ्टवर बसवायची कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड बुशी याची. त्याचं पेटंट १९०५ चं. कारच्या टर्बोत हा शाफ्ट मिनिटाला दीड लाख फेरे सहज घेतो, म्हणजे सेकंदाला २,५००. शाफ्टची जाडी ७ मिलिमीटर धरली तर घेर २२ मिलिमीटर. गुणाकार केला की शाफ्टचा पृष्ठभाग सेकंदाला ५५ मीटर, ताशी जवळजवळ २०० किलोमीटर वेगाने सरकतोय. बहुतेक टर्बोंमध्ये इथे बॉल बेअरिंग नसतं. असतो एक सैल बुश, म्हणजे पोकळ धातूची नळी, आतून-बाहेरून तेलात तरंगणारा आणि स्वतःही फिरणारा. पावसात भरधाव गाडीचं टायर पाण्यावर उचललं जातं, तसा हा शाफ्ट स्वतःच ओढून आणलेल्या तेलाच्या पाचरीवर उचलला जातो. धातू धातूला टेकत नाही. फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांची.

एवढ्या चिंचोळ्या फटीत एवढा वेग असला की तेलावर प्रचंड कातर बसते, म्हणजे त्याचे थर एकमेकांवरून जोरात घसरतात. मल्टिग्रेड तेलात लांब पॉलिमर रेणू घातलेले असतात; तापल्यावर ते पसरतात आणि तेलाला फार पातळ होऊ देत नाहीत. पण जोराच्या कातरीत हेच रेणू प्रवाहाच्या दिशेने आडवे होतात आणि तेल तात्पुरतं पातळ पडतं. म्हणून श्यानता आणखी एका रीतीने मोजतात: १५० अंश तापमान आणि सेकंदाला दहा लाख इतका कातर-दर. याला एचटीएचएस (हाय टेंपरेचर, हाय शिअर; म्हणजे जास्त तापमान, जास्त कातर) म्हणतात. एसएई या अभियंत्यांच्या संस्थेच्या ३० ग्रेडला (५डब्ल्यू-३० मधला दुसरा आकडा) किमान २.९ मिलिपास्कल-सेकंद पुरतो, पण एसीईए सी३ या युरोपीय मानकाला किमान ३.५ लागतो. म्हणजे दोन डब्यांवर ५डब्ल्यू-३० असंच छापलेलं असून एक तेल शाफ्टखाली दुसऱ्यापेक्षा जाड थर धरू शकतं. बोटांत तेल चोळून "दम नाही यात" असा निकाल देणारे मेस्त्री फार तर पस्तीस अंशांवरचं तेल तपासत असतात. टर्बोतलं तेल बोटाला कळत नाही.

तेलाचं दुसरं काम उष्णता वाहून नेण्याचं. टर्बाइनकडे, म्हणजे टर्बोच्या त्या चक्कीकडे, येणारे वायू ७०० अंशांपर्यंत तापलेले असतात. हायवेवरून येऊन ढाब्यावर लगेच चावी फिरवली की तेलाचा प्रवाह थांबतो, टर्बाइनची धग बेअरिंगकडे सरकते आणि तिथे अडकलेलं तेल करपून कोळसा धरतं. अर्धा-एक मिनिट इंजिन आयडलवर ठेवण्याचा सल्ला यासाठी. सिंथेटिक तेल उशिरा करपतं, कमी उडून जातं; त्याच्या जादा किमतीचं समर्थन इथे आहे. "बाटली ओता, मायलेज वाढवा" या द्रव्यांचं मात्र मला कुठेच सापडलेलं नाही. बोनेटला बांधलेलं लिंबू निदान इंजिनात तरी जात नाही.

१ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचं भारतीय मानक) डिझेल गाड्यांत बहुतेक ठिकाणी डीपीएफ हा काजळी अडवणारा फिल्टर असतो. काजळी त्यात जळून जाते, पण तेलातल्या धातुयुक्त द्रव्यांची राख जळत नाही, साचतच राहते. म्हणून सी३ तेलात राखेची मर्यादा ०.८ टक्के, सीआय-४ या जुन्या अमेरिकी दर्जाच्या तेलात राख एक टक्क्याच्या वरही असू शकते. जुन्या, डीपीएफ नसलेल्या गाडीच्या मॅन्युअलने १५डब्ल्यू-४० सीआय-४ सांगितलं असेल तर तेच योग्य. डब्याच्या पुढचा मोठा आकडा नको, मागची बारीक अक्षरं मॅन्युअलशी ताडून पाहा. आणि तेल लवकर काळं झालं म्हणून घाबरू नका. काजळी स्वतःत धरून ठेवणं हेच त्याचं काम.

चिंता करायची ती डिपस्टिकवर तेल वाढलेलं दिसलं तर. सीताबर्डी ते धरमपेठ अशा आखूड फेऱ्यांत डीपीएफची सफाई अर्धवट राहते, त्यासाठी जादा फवारलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून तेलात उतरतं आणि ते पातळ करतं. याला घट्ट तेल हा उतारा नाही. वाढलेली पातळी वरच्या खुणेपलीकडे गेली असेल तर तेल बदलून घ्या, आणि अधूनमधून गाडी वर्धा रोडने बुटीबोरीपर्यंत न थांबता पळवून आणा.